'आशीर्वाद'चं 'आर्वाद' का होतंय? (विंडोज, सी++, रेमिंग्टन टायपिंग)

घंटाळी_रोड

नमस्कार मंडळी. आठ दिवस याच एका गोष्टीत अडकलोय म्हणून धागा काढतोय, लांबलंय पण प्लीज पूर्ण वाचा.

जांभळी नाक्याजवळ माझ्या मावशीचं डीटीपी आणि लग्नपत्रिकांचं छोटं दुकान आहे. तिच्यासाठी मी एक प्रोग्रॅम लिहिलाय, पत्रिकेचा मजकूर टाकायचा, नावं-मुहूर्त बदलायचे आणि तिथूनच प्रिंट काढायची. मजकुराची चौकट मीच रंगवतो, विंडोजची तयार चौकट घेतलेली नाही, कारण महिरप आणि बॉर्डर टाईप करतानाच दिसायला हवी असं मावशीचं म्हणणं होतं आणि ते बरोबरच आहे.

दुकानातल्या ताई रेमिंग्टनवर (जुन्या टाईपरायटरची कळांची मांडणी) टाईप करतात, त्यासाठी एक जुनं टायपिंग टूल आहे जे मागे चालू असतं. आता गंमत बघा, 'धर्म' बरोबर येतं. 'सूर्य' येतं. 'मार्गशीर्ष' एवढा मोठा शब्द, दोन रफार, तोही बरोबर येतो. पण 'आशीर्वाद' लिहिलं की 'आर्वाद' होतं आणि 'मंगल कार्यालय'चं 'मंगल र्यालय'. लग्नपत्रिकेत हे दोन शब्द नाहीत असं होतच नाही हो! परवा एक पत्रिका तशीच प्रूफला गेली, नशिबाने मुलीच्या वडिलांनी पकडली.

मी स्वतः इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळ-मांडणी) टाईप केलं तर सगळं नीट. ताईंचं टूल नोटपॅडमध्ये पण नीट. कीबोर्ड नवीन आणून पाहिला, तेच.

नेरूळची_मी

दादा, मी शिकतेय अजून, पण कीबोर्डचं घोस्टिंग नसेल ना? कळा आतून ओळी आणि स्तंभांच्या जाळ्यावर बसवलेल्या असतात, डायोड नसलेल्या स्वस्त कीबोर्डात तीन कळा एकत्र दाबल्या गेल्या की चौथी दाबल्यासारखी दिसू शकते किंवा मग कीबोर्ड ती सोडूनच देतो. फास्ट टायपिंग करणाऱ्यांची पहिली कळ सुटायच्या आत दुसरी दाबली जाते म्हणून सुचलं.

ऐरोली_टेक

विचार चांगला आहे पण इथे तो बसत नाही, कारण नोटपॅडमध्ये त्याच बोटांनी त्याच कीबोर्डवर नीट येतंय आणि चूक दरवेळी त्याच शब्दात होतेय. हार्डवेअरची चूक अशी शब्द निवडून होत नाही.

घंटाळीदादा, आधी एक सांग, तुझा प्रोग्रॅम अक्षर कुठून घेतो, कीडाऊनच्या ('कळ दाबली' असं विंडोज कळवतं तो) मेसेजमधून की कॅरच्या ('हे अक्षर आलं' असं कळवतं तो)? कारण बहुतेकांचा घोळ इथेच असतो, कळ आणि अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इंग्रजीत टाईप करणाऱ्याला कधी जाणवतच नाही.

उदाहरण म्हणून इंग्रजी ए लिहिलेली कळ घे. यूएसबी कीबोर्ड कॉम्प्युटरला 'ए' असं काही पाठवतच नाही, तो ८ बाइटचा एक रिपोर्ट पाठवतो, पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट-कंट्रोल वगैरे, दुसरा राखीव, आणि उरलेल्या सहात दाबलेल्या कळांचे नंबर. त्यात या कळेचा नंबर ४. विंडोजचा ड्रायव्हर त्याचा स्कॅन कोड करतो, तो ३०. मग जो लेआउट (कळांची मांडणी) चालू आहे त्याच्या तक्त्यातून व्हर्च्युअल की, म्हणजे विंडोजचा स्वतःचा कळ-नंबर मिळतो, तो ६५. हा ६५ कीडाऊन मेसेजमधून तुझ्या विंडोकडे येतो. इथपर्यंत अक्षराचा पत्ताच नाही. तू मेसेज लूपमध्ये, म्हणजे रांगेतले मेसेज एकेक घेणाऱ्या कोडमध्ये, ट्रान्सलेटमेसेज बोलावलंस की मग विंडोज पुन्हा लेआउटचा तक्ता बघतं आणि कॅर नावाचा दुसरा मेसेज रांगेत टाकतं, त्यात खरं अक्षर असतं. इंग्रजी असेल तर ए, इनस्क्रिप्ट असेल तर ओकाराची मात्रा ो. कळ तीच, ६५ तोच, अक्षर वेगळं.

आणि एका कळेला एकच अक्षर हेही धरून चालू नकोस. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि ७ दाबलं की क्ष येतो, तो युनिकोडमध्ये क, हलंत, ष असा तीन तुकड्यांचा आहे, म्हणजे कीडाऊन एक आणि कॅर तीन.

घंटाळी_रोड

अगदी सुरुवातीला मी कीडाऊनमधूनच घेत होतो, मराठी लावलं तरी एबीसीडीच उमटायची. नंतर कॅरवर आलो तेव्हा क्षचा फक्त क येत होता, तोही सुधारला. आता अक्षरं सगळी कॅरमधून घेतो. कीडाऊनमध्ये फक्त बाण, होम, एंड, डिलीट, बॅकस्पेस आणि कंट्रोलवाले शॉर्टकट आहेत.

वाशीचे_काका

तुम्हा मुलांचं वाचून जुने दिवस आठवले म्हणून लिहितो, विषय सोडून वाटलं तर पुढे जा.

डॉसमध्ये हे फार सरळ होतं. कळ दाबली की इंटरप्ट ९ (प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा) यायचा, बायॉस (मशीनमधलाच मूळ प्रोग्रॅम) ती कळ एका छोट्या बफरमध्ये ठेवायचं आणि प्रोग्रॅमने इंटरप्ट १६ हेक्स मागितला की एकेक काढून द्यायचं. बफरला जागा १६, पण रिकामा की भरलेला ते कळावं म्हणून एक मोकळी ठेवावी लागे, त्यामुळे १५ कळा. सोळावी दाबली की पीप. त्या आवाजावरून ऑपरेटरला कळायचं की मशीन मागे पडलंय, थांबा. आणि सगळा कीबोर्ड एकाच प्रोग्रॅमचा, वाटणी कुणाशी नाही.

मराठीसाठी आमच्या ऑफिसात सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड होतं. सीडॅक पुण्यात १९८८ ला सुरू झालं, जिस्टचं मूळ काम त्याच्या आधी आयआयटी कानपूरला झालेलं. कार्ड मशीनमध्ये बसवलं की साध्या डॉसच्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी दिसायची, आम्हाला तेव्हा फार अप्रूप होतं त्याचं. इनस्क्रिप्टही तेव्हाच शिकलो, तो तक्ता पुढे १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकातही आला.

बाळा, तुझ्या प्रश्नावर मला एवढंच म्हणायचंय की तुझा प्रोग्रॅम काय करतो त्यापेक्षा त्याच्याकडे नेमकं येतं काय ते बघ. आम्ही इंटरप्टच्या मध्ये आपला छोटा प्रोग्रॅम बसवून सगळं कागदावर छापून काढायचो. येणारा प्रत्येक मेसेज फाइलमध्ये लिहून ठेव आणि इथे दाखव.

घंटाळी_रोड

काका, तुमचं ऐकून काल रात्री लॉग काढला आणि जे दिसलं त्याने चक्रावलोच. ताईंनी 'आशीर्वाद' टाईप केलं, 'आशीवा' पर्यंत साधं आलं, मग त्यांनी रफाराची एकच कळ दाबली आणि माझ्या प्रोग्रॅमला हे सगळं आलं:

कीडाऊन ८
कीडाऊन ८
कीडाऊन २३१, कॅर र
कीडाऊन २३१, कॅर हलंत
कीडाऊन २३१, कॅर व
कीडाऊन २३१, कॅर आकाराची मात्रा

८ म्हणजे बॅकस्पेस ना? ताईंनी तर बॅकस्पेसला हातच लावलेला नाही, मी शेजारी उभा होतो. आणि २३१ कुठली कळ आहे?

ऐरोली_टेक

२३१ ही खरी कळच नाही, तिचं नाव व्हीके पॅकेट. एखादा प्रोग्रॅम सेंडइनपुट (कळा पाठवायचं विंडोजचं फंक्शन) वापरून 'हे युनिकोड अक्षर टाईप झालं असं समज' असं विंडोजला सांगतो तेव्हा कीडाऊनमध्ये हा नंबर येतो आणि खरं अक्षर कॅरमध्ये. म्हणजे ताईंचं टूल कीबोर्डवर लो लेव्हल हुक टाकून बसलंय. ताईंची कळ तुझ्यापर्यंत पोचायच्या आधीच ते गिळतं आणि तिच्या जागी स्वतःच्या कळा पाठवतं, बॅकस्पेससकट. पण बॅकस्पेस का पाठवतंय ते मला नाही कळलं, मी रेमिंग्टन कधी वापरलेलं नाही.

टंकलेखिका_कळवा

ते मी सांगते. मी टायपिंगच्या परीक्षेला रेमिंग्टनच शिकले, आधी मशीनवर आणि मग कॉम्प्युटरवर, पंचवीस वर्षं तेच करतेय.

मशीनवर आपण जसं दिसतं तसं मारतो. वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून पहिली वेलांटी मारायची मग अक्षर. 'किती' मारताना आधी ि मग क. आणि रफार डोक्यावर असतो म्हणून तो सगळ्यात शेवटी, खालचं अक्षर, त्याचा काना, सगळं झालं की मग वर रफार. 'आशीर्वाद'मध्ये व मारला, काना मारला, मग रफार. बोटांना तीच सवय आहे आणि तीच सवय असलेले लोक कोर्टात, तहसीलमध्ये, प्रेसमध्ये किती आहेत! त्यांना उगाच 'इनस्क्रिप्ट शिका' असं सांगू नका, पन्नाशीला आलेल्या बाईची बोटं बदलत नाहीत आणि बदलायची गरजही नाही, काम कॉम्प्युटरने करायचं असतं.

इनस्क्रिप्टमध्ये म्हणे आधी र, मग हलंत, मग व असं मारतात.

ऐरोली_टेक

ताई, तुम्ही सोडवलंत!!

युनिकोडमध्ये मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवतात, र, हलंत, व, आकार. रेमिंग्टनवर रफार शेवटी येतो, म्हणजे तोवर 'वा' कागदावर पडून गेलेलं असतं आणि त्याच्या आधी र आणि हलंत घुसवायला हवं. हुकवाल्या टूलला तुझ्या चौकटीच्या आत शिरता येत नाही, त्याला फक्त कळा पाठवता येतात. म्हणून ते दोन बॅकस्पेस पाठवून व आणि काना असे दोन तुकडे पुसतं आणि र ् व ा पुन्हा टाईप करतं.

आता घंटाळीदादा, तू बॅकस्पेसला काय पुसतोस? एक तुकडा की पूर्ण अक्षर?

घंटाळी_रोड

पूर्ण अक्षर. मुद्दाम तसं केलं होतं, मला वाटलं 'स्त्री' पुसायला सहा वेळा बॅकस्पेस मारायला लावणं बरं नाही.

आलं लक्षात. पहिल्या बॅकस्पेसला माझा प्रोग्रॅम 'वा' अख्खा पुसतो, दुसऱ्याला त्याच्या मागची 'शी' जाते, उरतो 'आ', पुढे र्वा येऊन बसतं. आर्वाद. आणि 'कार्यालय'मध्ये 'या' गेलं, मग 'का' गेलं!

ऐरोली_टेक

आणि 'धर्म', 'सूर्य', 'मार्गशीर्ष' नीट यायचे कारण त्यात रफाराखालच्या अक्षराला काना-मात्रा काही नाही, पुसायचा तुकडा एकच, मग तू अक्षर पुसलंस काय आणि तुकडा पुसलास काय, सारखंच.

विंडोजच्या स्वतःच्या चौकटीत देवनागरीला बॅकस्पेस एकेक तुकडा मागे जातो आणि डिलीट पूर्ण अक्षर उडवतो. ते उगाच नाही ठेवलेलं. टाईप करताना मात्रा चुकली तर बॅकस्पेसने फक्त मात्रा काढून दुसरी लावता येते, 'स्त्री'ची दीर्घ वेलांटी चुकली म्हणून आख्खं जोडाक्षर परत कोण मारणार. टूलवालेही तेच गृहीत धरून लिहितात.

टंकलेखिका_कळवा

हो बरोबर, मला एक एकच हवं असतं. ऱ्हस्व-दीर्घ तर दिवसातून शंभर वेळा बदलते मी.

नेरूळची_मी

एक शंका. असं मधे बसून कळा गिळणारं टूल कोणीही लिहू शकत असेल तर मग पासवर्ड पण वाचता येतील ना?

ऐरोली_टेक

हो, येतात. लो लेव्हल हुकला त्या सेशनमधल्या जवळपास सगळ्या कळा दिसतात. एक अडसर विंडोज व्हिस्टापासून आहे, कमी अधिकारात चालणारा प्रोग्रॅम जास्त अधिकारात चालणाऱ्या विंडोला कळा पाठवू शकत नाही, आणि तिथल्या कळा त्याच्या हुकला दिसतही नाहीत. घंटाळीदादा, हे तुझ्याही कामाचं आहे, तुझा प्रोग्रॅम चुकून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू केलास तर ताईंचं रेमिंग्टन बंद पडेल आणि तू परत कोडमध्ये चूक शोधत बसशील. कंट्रोल-आल्ट-डिलीट मात्र कुठल्याच साध्या प्रोग्रॅमच्या हाती लागत नाही.

लिनक्सवर जुन्या एक्स११ मध्ये (स्क्रीन आणि कळा सांभाळणारी यंत्रणा) तर हुकही लागत नाही, जोडलेला कुठलाही प्रोग्रॅम सगळ्यांच्या कळा ऐकू शकतो. तिच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये ते बंद केलंय, ज्याच्यावर फोकस त्यालाच कळ जाते. त्यामुळे ताईंच्या टूलसारखी टूल तिथे चालत नाहीत, आयबस किंवा एफसीआयटीएक्स अशा इनपुट मेथडमधूनच (कळांचा मजकूर करून देणारा अधिकृत मधला प्रोग्रॅम) जावं लागतं, आणि माझ्या मते तेच योग्य आहे.

घरी लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये एक्सईव्ही (आलेली कळ आणि तिचा नंबर दाखवणारं टूल) चालवून बघ. एची कळ दाबलीस की ३८ दिसेल, कर्नलचा तोच ३० अधिक ८.

घंटाळी_रोड

बॅकस्पेस बदलला, आशीर्वाद मिळाला! मावशीने सगळ्यांना पेढे सांगितलेत, कुणी स्टेशनकडून गोखले रोडला आलात तर सांगा.

आता दुसरी अडचण याच धाग्यात विचारतो. प्रिंट चालू असताना प्रोग्रॅम दहा-पंधरा सेकंद अडकतो. ताईंना वाटलं एंटर लागला नाही, म्हणून त्यांनी आणखी दोनदा दाबला. प्रिंट झाल्यावर 'हा मजकूर काढून टाकायचा का' असा प्रश्न माझा प्रोग्रॅम विचारतो, तो स्क्रीनवर दिसायच्या आत हो म्हणून मोकळा झाला आणि मजकूर गेला. ताईंना फार वाईट वाटलं, चूक माझी होती.

वाशीचे_काका

हे आमच्या १५ कळांच्या बफरचंच मोठं रूप आहे. दाबलेली कळ वाया जात नाही, रांगेत उभी राहते. ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत कसं, रिक्षा आली नाही म्हणून माणसं घरी जात नाहीत, आली की पहिला चढतो, मग त्याला कुठल्याही बाजूची रिक्षा मिळो. तुझे दोन एंटर उभे होते, आणि पहिली जी खिडकी उघडली तिच्यात शिरले.

ऐरोली_टेक

काकांनी म्हटलं तेच. प्रिंटचं काम तू मेसेज लूप चालवणाऱ्या थ्रेडवरच (एका वेळी एकच काम करणारा प्रोग्रॅममधला धागा) करतोयस म्हणून तोवर रांगेतला पुढचा मेसेज काढणारं गेटमेसेज कुणी बोलावतच नाही. प्रिंट वेगळ्या थ्रेडवर टाक, ती चालू असताना बटण बंद ठेव, आणि पुसण्याच्या प्रश्नात आधीपासून निवडलेलं बटण 'नाही' असू दे. शिवाय कीडाऊनच्या मेसेजमध्ये तिसावा बिट बघ, कळ आधीपासून दाबलेलीच होती का ते तो सांगतो. कुणी एंटरवर बोट ठेवून बसलं की विंडोज तोच कीडाऊन परत परत पाठवतं, ते रिपीटवाले एंटर अशा प्रश्नाला उत्तर म्हणून कधीच घेऊ नयेत. ताईंनी वेगवेगळे दाबलेले दोन मात्र याने अडत नाहीत, त्यासाठी थ्रेडच.

आणि शॉर्टकट कसे बघतोस? कंट्रोल-एस अक्षरावरून ओळखत असशील तर मराठी लावल्यावर चालणार नाही, इनस्क्रिप्टमध्ये त्या कळेवर एकाराची मात्रा आहे. आज्ञा असेल तर व्हर्च्युअल की बघ, मजकूर असेल तर कॅर.

घंटाळी_रोड

शॉर्टकट व्हर्च्युअल कीवरूनच आहेत, तिथे वाचलो.

एक मात्र अजून आहे, मावशीने घरच्या लॅपटॉपवर विंडोजचा मराठी फोनेटिक कीबोर्ड लावलाय, २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून आलेला. त्यात टाईप करताना माझ्या लॉगमध्ये नुसते २२९ येतात.

ऐरोली_टेक

२२९ म्हणजे व्हीके प्रोसेसकी, 'ही कळ इनपुट मेथडने घेतली आहे, तू हात लावू नकोस'. त्या वेळी रोमन अक्षरं अजून शिजतायत, खाली शब्दांचे पर्याय दिसतायत, तुझ्याकडे पक्का मजकूर नंतर येतो. तेवढ्यात तू कीडाऊनवर काही केलंस, समजा एंटरला नवीन ओळ टाकलीस, तर तिचा शब्द तुटेल.

खरं सांगायचं तर मजकुराची चौकट स्वतः रंगवायची म्हणजे हे सगळं स्वतः सांभाळायचं. कच्चा शब्द अधोरेखित दाखवायचा, पर्यायांची यादी कुठे उघडायची ते सांगायचं, आणि कर्सरच्या मागे काय लिहिलंय ते इनपुट मेथडला वाचू द्यायचं. हे शेवटचं दिलंस तर रफार बॅकस्पेसविनाच मागे जाऊन बसवता येतो, टेक्स्ट सर्व्हिसेस फ्रेमवर्क त्यासाठीच आहे. मी असतो तर महिरप मी रंगवली असती आणि मधल्या मजकुराला विंडोजची तयार चौकट, रिचएडिट, ठेवली असती. त्याला हे फ्रेमवर्क वापर असं सांगणारा एक फ्लॅग आहे, एसईएस यूजसीटीएफ, तो चालू करायला विसरू नकोस.

घंटाळी_रोड

तीन रविवार गेले पण केलं. महिरप माझी, मधे रिचएडिट, फ्लॅग चालू. मावशीचं फोनेटिक चालतं, पर्यायांची यादी कर्सरखालीच उघडते. ताईंचं जुनं टूलही चालतं. प्रिंट वेगळ्या थ्रेडवर गेली.

टंकलेखिका_कळवा

'दुसऱ्या' आणि 'वऱ्हाडी' टाईप करून बघितलं का? पत्रिकेत वऱ्हाडी मंडळी येतातच आणि तो र वेगळा असतो, रफार नाही, आडवी रेघ.

घंटाळी_रोड

ताई, ते बघितलंच नव्हतं. इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जेचा ऱ, हलंत, ह असं केलं तर 'वऱ्हाडी' बरोबर येतंय. रेमिंग्टनवरून उद्या दुकानात ताईंना सांगून बघतो, लॉग चालू ठेवून.